नगरच्या निजामशहाचं नाव आणि मॉस्कोतला हिरा: कोरीव रत्नांविषयी गप्पा

दगडफोड्या

मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये रशियन सरकारचा हिरेकोश आहे. त्यात ‘शाह’ नावाचा एक हिरा आहे, वजन 88.7 कॅरट. फोटो पाहिलात तर निराशा होईल. साधारण तीन सेंटिमीटर लांबीचा, किंचित पिवळट-तपकिरी झाक असलेला लांबट तुकडा. पैलू नावापुरतेच. एका टोकाजवळ सभोवार बारीक खाच आहे, दोरा बांधून लटकवायला. सराफाच्या काचेच्या कपाटात ठेवला तर शेजारचं पाव कॅरटचं खड्याचं कानातलं जास्त चमकेल.

पण या हिऱ्याच्या तीन बाजूंवर फारसी अक्षरं कोरलेली आहेत. त्यातला सगळ्यात जुना लेख सांगतो: बुऱ्हाण निजामशाह दुसरा, सन 1000.

हा बुऱ्हाण म्हणजे आपल्या नगरचा. हिजरी 1000 म्हणजे इसवी 1591-92. भावाशी न पटल्याने तो अकबराच्या आश्रयाला गेला होता. 1591 साली परत येऊन त्याने स्वतःच्या मुलालाच, इस्माईलला, गादीवरून उतरवलं आणि सुलतान झाला. म्हणजे गादीवर बसल्याबसल्या या माणसाने जी कामं केली त्यांत हिऱ्यावर नाव घालणं हे एक काम होतं! 1595 साली तो गेला, 1600 साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. दुसरा लेख 1051 सालचा (1641), जहांगीरपुत्र शाहजहानचा. तिसरा 1242 सालचा (1826), इराणच्या फतह अली शाह काजारचा. मधला दुवा अर्थातच नादिरशहाची 1739ची दिल्लीची लूट.

इराणातून मॉस्कोला कसा गेला ते आणखी रंजक. 1829च्या फेब्रुवारीत तेहरानमध्ये जमावाने रशियन वकिलातीवर हल्ला करून वकील ग्रिबोयेदव याला ठार मारलं. हा नाटककार म्हणूनही रशियात नावाजलेला. त्यानंतर शहाचा नातू खुस्रो मिर्झा सेंट पीटर्सबर्गला झार पहिल्या निकोलसकडे गेला, तेव्हा नजराण्यात हा हिरा होता. खुनाची भरपाई म्हणून दिला, की आदल्या वर्षीच्या तुर्कमांचाईच्या तहातली जबर खंडणी थोडी सैल व्हावी म्हणून, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे.

धागा काढायचं कारण वेगळंच. ‘जुन्या राजेमहाराजांनी चांगल्या रत्नांवर नावं कोरून त्यांची वाट लावली’ असं वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय, आणि मला ते पटत नाही. त्या काळच्या इराण-हिंदुस्थानात नाव कोरलेल्या रत्नाची किंमत वाढायची. आईन-ए-अकबरीत अबुल फजलने शाही मोहरा कोरणाऱ्यांची नावं दिली आहेत. त्यातला मौलाना इब्राहिम हा अकीकावर कोरण्यात पटाईत, आणि बादशाही खजिन्यातल्या मोलाच्या प्रत्येक लालवर (लाल म्हणजे स्पिनेल, माणकासारखा दिसणारा वेगळा दगड) ‘लाल जलाली’ असे शब्द तोच कोरायचा. जहांगीरच्या आठवणींत तर एक झकास प्रसंग आहे. इराणच्या शाह अब्बासने त्याला एक लाल भेट पाठवला, त्यावर तैमूरचा नातू उलुघ बेग याचं नाव होतं. जहांगीर हरखला. स्वतःच्या तैमूरी घराण्यातलं नाव असलेला दगड घरी परत आला होता! त्याने लगेच शाही सोनारखान्याचा दारोगा सईदा याला दुसऱ्या कोपऱ्यात ‘जहांगीरशाह अकबरशाहपुत्र’ असं कोरायला लावलं. पुढे दख्खनच्या विजयाबद्दल तोच लाल खुर्रमला, म्हणजे भावी शाहजहानला, बक्षीस दिला. हा सईदा गिलानी म्हणजे नंतरचा ‘बेबदल खान’, ज्याच्या देखरेखीखाली मयूरासन बनलं. त्या दरबारात रत्न म्हणजे वंशावळ होती. आधीच्याचं नाव पुसायचं नाही, त्याच्या शेजारी आपलं घालायचं.

आता दुसरी बाजू बघा. ‘अकबरशाह’ नावाचा हिरा होता, सुमारे 116 कॅरटचा, जहांगीर आणि शाहजहान यांचे लेख असलेला. 1866 साली एका इंग्रज व्यापाऱ्याने तो इस्तंबूलमध्ये विकत घेतला, लंडनला नेऊन घासला, 72 कॅरटच्या आत आणला आणि बडोद्याच्या गायकवाडांना साडेतीन लाख रुपयांना विकला. दोन्ही लेख गेले. कोहिनूरवर लेख नव्हता, पण 1852 साली त्याचंही 186 वरून 105.6 कॅरट झालं. वाट कोणी लावली मग?

नगरचा हिरा वाचला तो केवळ एका दरबारातून दुसऱ्या दरबारात, लूट म्हणून किंवा नजराणा म्हणून, फिरत राहिल्याने. जव्हेऱ्याच्या हाती लागला असता तर बुऱ्हाणचं नाव चूर्ण होऊन कुठल्यातरी चाकावर गेलं असतं.

कोरीव रत्नांबद्दल, मग ती मोगली असोत, रोमन असोत, की आजीच्या पेटीतली, ज्याला जे ठाऊक असेल ते लिहा.

---

नगरी_तडका

ओ भाऊ! जन्म गेला नगरात (हो, आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं). शाळेत चांदबिबी झाली, भुईकोट किल्ला झाला, मलिक अंबर झाला. हिऱ्याचं कोणी अवाक्षर काढलं नाही. किल्ल्याच्या फाटकाशी एक पाटी लावायला काय हरकत आहे?

पण एक कळंना. हिऱ्यावर कोरायचं कशानं? हिऱ्यापेक्षा कडक काहीच नाही ना?

---

दगडफोड्या

@नगरी_तडका, हिऱ्यानेच. हिऱ्याचा कडकपणा सगळ्या दिशांना सारखा नसतो, स्फटिकाच्या काही दिशांना तो थोडा ‘मऊ’ असतो. हिऱ्याच्या पुडीत सगळ्या दिशांना तोंड केलेले कण असतात, त्यातले काही नेमके कडक बाजूने घासले जातात. पैलू पाडण्याचं सगळं तंत्र यावरच चालतं.

‘शाह’चा बारकाईने अभ्यास केला तो रशियन खनिजशास्त्रज्ञ अलेक्झांडर फर्समन याने. त्याचा अंदाज असा, की कारागिराने दगडावर मेणाचा पातळ थर दिला असावा, त्यात सुईने अक्षरं रेखली असावीत आणि मग तेलात भिजवलेली हिऱ्याची पूड टोकाला लावून तीच रेघ खरवडली असावी. पुन्हा पुन्हा. एकेका अक्षराला किती वेळ लागला असेल याचा विचारसुद्धा करवत नाही. त्यातून फारसी लिपी, वळणं आणि नुकते. चूक झाली तर मागे जाता येत नाही, आणि गिऱ्हाईक सुलतान.

बाकी रत्नांना इतका त्रास नाही. अकीक, स्फटिक, पाचू, लाल हे सगळे कुरुंदापेक्षा मऊ आहेत. कुरुंद म्हणजे माणिक-नीलमाचाच गरीब भाऊ, त्याची पूड आपल्याकडे पूर्वीपासून भरपूर. कमानीने फिरवायची बारीक सळई, तिच्या टोकाला छोटी चकती किंवा गोळी, त्यावर तेल आणि पूड. सळई फक्त पूड फिरवते, दगड कापते ती पूडच. आणि बऱ्याच कामात हत्यार जागेवर फिरत असतं, कारागीर हातातला दगड त्याच्यावर नेतो. आपण लाकूड कोरतो त्याच्या बरोब्बर उलट.

---

सराफकट्टा

धागा छान आहे पण थोडं पाणी घालतो, राग मानू नका. आमच्या घरात तीन पिढ्या हा व्यवसाय आहे. कोरीव काम म्हणजे राजेशाही, वंशावळ वगैरे ठीक. पण धंद्यातलं साधं सत्य असं, की स्वच्छ दगडाला कोणी कोरत नाही, पैलू पाडतो. ज्यात जाळी आहे, चीर आहे, ढग आहे, त्याच्यावर फूल-पान कोरलं की डोळा नक्षीवर जातो, जाळीवर जात नाही. शिवाय पैलू पाडताना निम्म्याहून जास्त माल पुडीत जातो, कोरताना वजन वाचतं. पाचू तर विकलाच जातो वजनावर.

गिऱ्हाईक येतं, ‘पाचूचा गणपती’ दाखवतं. हिरवागार, कोरीव, अंगठ्याएवढा. दहातले नऊ हिरवे ॲव्हेन्चुरिन असतात, म्हणजे गारगोटीचाच प्रकार, आत अभ्रकाचे बारीक कण चमकतात त्यावरून ओळखू येतो. उरलेला एक पाचूच असतो, पण अपारदर्शक, खाणीतला सगळ्यात खालच्या दर्जाचा. भक्तिभावाने घ्या, काही हरकत नाही, पण पाचूच्या भावाने घेऊ नका.

---

दगडफोड्या

@सराफकट्टा, पाणी कसलं, ही तर फोडणी झाली. पाचूबाबत तुमचं शंभर टक्के खरं. पाचूचा स्फटिक षटकोनी खांबासारखा वाढतो, आडवा कापला की षटकोनी पाटा मिळतो. मोगली कोरीव पाचू बरेचसे षटकोनी का, याचं उत्तर तेच: कारागीर दगडाचा आकार मोडतच नव्हता. ‘ताजमहाल पाचू’ म्हणून जो ओळखला जातो तो 141.13 कॅरटचा, असाच षटकोनी, वर कमळं-खसखशीची फुलं. ताजमहालात तो कधी होता असं नाही, नक्षी तिथल्या भिंतींवरच्या फुलांसारखी म्हणून नाव पडलं. 1925च्या पॅरिसच्या प्रदर्शनात कार्तिए या फ्रेंच जव्हेरी पेढीने तो खांद्यावरून रुळणाऱ्या एका दागिन्यात बसवला होता.

पण लाल आणि हिऱ्याचं काय? त्यांच्यावर फुलं नाहीत, फक्त अक्षरं, तीही कोपऱ्यात, लहान. त्याने कुठलाच दोष लपत नाही. ‘शाह’ तर आतून अगदी निर्मळ आहे. म्हणून मी दोन वेगळे प्रकार मानतो. फुलांची नक्षी हा दगडाशी केलेला समझोता, तुमचा मुद्दा तिथे लागू. नाव कोरणं ही मालकीची नोंद, तिथे नाही.

दोन्ही एकत्र असलेला नमुना म्हणजे 217.80 कॅरटचा ‘मुघल पाचू’. एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला शिया पंथाची प्रार्थना, साल हिजरी 1107, म्हणजे 1695-96. औरंगजेब कट्टर सुन्नी, त्यामुळे हा त्याच्यासाठी बनला नसणार. दख्खनमधल्या एखाद्या शिया सरदाराचा असावा असं अभ्यासकांना वाटतं. त्या वर्षांत औरंगजेबाची अख्खी छावणी आपल्याच मुलखात होती हे लक्षात घ्या. 2001 साली लंडनच्या लिलावात तो 15 लाख पौंडांच्या वर गेला, आता दोहाच्या इस्लामी कला संग्रहालयात आहे.

---

मांडवीतीर

पाचवांचो विषय निघालो आनी गोंय ना, अशें कशें जातलें! बरं, मराठीत लिहितो.

हे मोठे पाचू बहुतेक कोलंबियातल्या मुझोसारख्या खाणींतले. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात तो भाग घेतला आणि माल युरोपात येऊ लागला, पण युरोपपेक्षा जास्त भाव द्यायला मोगल आणि दख्खनचे सुलतान तयार होते. त्यामुळे सेव्हिया-लिस्बनमार्गे गोव्यात, किंवा पॅसिफिक ओलांडून मनिलामार्गे, असा तो इकडे यायचा. जुनं गोवं त्या काळात रत्नांचा मोठा बाजार होतं. उलट दिशेने गोवळकोंड्याचे हिरे जायचे. जाक द कूत्र नावाचा फ्लेमिश जव्हेरी कित्येक वर्षं गोव्यात राहून विजापूर, आग्रा असे दौरे करायचा, जहांगीरच्या दरबारातही त्याने माल विकला. त्याच्या आधी लिन्सखोतेन 1583 ते 1588 गोव्यात होता, त्यानेही इथल्या रत्नांवर लिहून ठेवलंय.

गंमत म्हणजे बाजारात ‘जुन्या खाणीचा पाचू’ म्हणजे इजिप्त किंवा पूर्वेकडची हरवलेली खाण असा समज शतकानुशतकं होता. 2000 साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तपासणी केली, त्यात हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातून आलेले म्हणवले जाणारे दगडही होते, आणि कोलंबियाच निघालं. एखादा अफगाणिस्तानचा. म्हणजे अर्ध्या जगाला वळसा घालून आलेला दगड, त्यावर अरबी आयत, घेणारा दख्खनी, विकणारा गोव्यातला पोर्तुगीज.

---

तगरकन्या

सगळे मोगलांपाशी अडकलेत, जरा दीड हजार वर्षं मागे चला. मी तेरची, म्हणजे पूर्वीचं तगर.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं येतात. पैठणहून ‘ऑनिक्स’ दगड भरपूर प्रमाणात आणि तगरहून साधं कापड, मलमल वगैरे, गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जातं, असा उल्लेख आहे. हा ऑनिक्स म्हणजे आपला पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका थराथराने साचत गेली. गोदावरीच्या वाळूत आजही सापडतो, लहानपणी आम्ही खिशे भरभरून आणायचो.

भडोचहून हा माल रोमला. रोमन लोकांना तीन रंगांचे थर असलेला सार्डोनिक्स फार प्रिय. तांबूस, पांढरा, काळा. वरचा थर कोरून चेहरा काढायचा आणि खालचा गडद थर पार्श्वभूमी म्हणून ठेवायचा, त्याला कॅमिओ म्हणतात. उलट, दगडात खोल कोरून मेणावर उठवायचा तो इंटॅग्लिओ, मोहरेच्या अंगठीसाठी. प्लिनी म्हणतो, सार्डोनिक्सची मोहर मेणाला चिकटत नाही, सुटून येते. ऑगस्टस आधी स्फिंक्सची मोहर वापरायचा, मग सिकंदराच्या मुखवट्याची, शेवटी स्वतःच्या चेहऱ्याची. ती शेवटची डायॉस्कोरिडीस या कारागिराने कोरलेली.

व्हिएन्नातला ‘गेम्मा ऑगस्टिया’ 19 बाय 23 सेंमी, पॅरिसमधला ‘फ्रान्सचा महाकॅमिओ’ तर 31 सेंमी उंच, पाच थरांचा सार्डोनिक्स, त्यात राजघराण्याची डझनावारी माणसं. यातला नेमका कुठला दगड पैठणचा असं कोणी म्हणू शकत नाही. पण रोमन लेखक उत्तम सार्डोनिक्स हिंदुस्थानचाच मानत होते आणि त्याच शतकात पैठणच्या गाड्या भडोचकडे चालल्या होत्या. पैठण म्हटलं की सगळे पैठणीपाशी थांबतात, म्हणून लिहिलं.

---

नगरी_तडका

@तगरकन्या ताई, नगर-पैठण-तेर, म्हंजी सगळं आपल्याच पट्ट्यात की!

---

खंबायती

अकीक निघालाच आहे तर थोडं खंबायतबद्दल, म्हणजे गुजरातमधल्या खंभातबद्दल. कामानिमित्त तिथे बरीच वर्षं राहिलो. कच्चा माल भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरचा. तिथे टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे, सिद्दी समाजाचं श्रद्धास्थान. अकीकाचा धंदा त्यानेच सुरू करून दिला अशी तिथल्या लोकांची श्रद्धा.

खाणीतून निघणारा दगड भुरा, मळकट असतो, लाल नाही. आधी महिनोन् महिने उन्हात वाळवायचा. मग मडक्यात भरून शेणी किंवा भुशाच्या मंद आचेत रात्रभर. दगडातल्या लोहाचा रंग पालटतो आणि लाली चढते. पाणी राहिलं असेल तर दगड तडकतो. पुढचं काम बघण्यासारखं असतं. जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी सळई, तिच्या टोकाला दगड टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टोला द्यायचा. ढलपी सुटते ती सळईच्या बाजूने, टोल्याच्या बाजूने नव्हे. हडप्पाकालीन लांब मण्यांचं काम समजून घ्यायला पुरातत्त्वाचे संशोधक या कारागिरांकडे येऊन शिकून गेलेत. भोक पाडायचं ते कमानीच्या सामत्याने, टोकाला हिऱ्याच्या दोन कणी बसवलेल्या.

पण एवढी वाहवा करताना हेही लिहिलं पाहिजे. कोरडं घासकाम करणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते आणि सिलिकोसिस होतो. त्याला इलाज नाही. तरणी माणसं दम लागून गेलेली पाहिली आहेत, आणि नवरा गेल्यावर बायको त्याच चाकावर बसलेलीही. ओलं घासणं, धूळ ओढणारा पंखा असे उपाय आहेत, पण घरगुती कारखान्यांत मजुरी नगावर, त्यामुळे कोण लावतो. अकीकाची माळ घासाघीस करून स्वस्तात मिळाली की मला ते चाक आठवतं.

---

राईनपल्याड

@खंबायती, वाचून अस्वस्थ झालो. इकडे जर्मनीत इडार-ओबरश्टाइन नावाचं गाव आहे, अकीकाचंच. तिथेही पूर्वी हीच तऱ्हा. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी वालुकाश्माची माणसापेक्षा उंच चाकं, आणि कारागीर एका झुलत्या लाकडी बाकावर पालथा पडून, पाय मागच्या फळीला रेटून, अंगाच्या जोरावर दगड चाकाला दाबायचा. दिवसभर. छाती थंडगार पाण्याजवळ. तेही खोकून मरायचे. एक जुनी पाणचक्की अजून चालू ठेवली आहे, तिथे हे पाहता येतं.

गावचा अकीक संपत आला तेव्हा ब्राझीलला गेलेल्या गाववाल्यांना तिथे अकीकाचे डोंगर सापडले, 1830च्या दशकापासून जहाजं भरून माल यायला लागला. दगडात रंग मुरवण्याची कलाही इथल्यांनी फार पुढे नेली. त्यामुळे बाजारातला भडक निळा-गुलाबी अकीक पाहून हुरळू नका. आजही रत्नातले कॅमिओ कोरणारे जगातले नाणावलेले कलाकार याच गावचे. फक्त आता अल्ट्रासाऊंडच्या यंत्रावरही कॅमिओ निघतात, एका साच्यातून पन्नास सारखे चेहरे.

---

उगाच_विचारते

माझ्या सासूबाईंच्या आत्यांकडून आलेला एक ब्रोच आहे. नारिंगी-तपकिरी पार्श्वभूमीवर पांढऱ्या बाईचा चेहरा, केसांत फुलं. घरात सगळे ‘रोमन’ म्हणतात. सराफ म्हणाला प्लॅस्टिक. खरं काय ते कसं कळेल? फोटो चढत नाहीये.

---

राईनपल्याड

@उगाच_विचारते ताई, वर्णनावरून बहुतेक शिंपल्याचा. इटलीत नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको हे गाव पोवळं आणि शिंपल्याच्या कॅमिओसाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या सागरी शंखाला वरून पांढरा आणि आतून नारिंगी किंवा तपकिरी थर असतो, तोच उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात युरोपची सहल करणारा प्रत्येकजण एक घेऊन जायचा.

ब्रोच उलटा करून पाहा. शिंपला असेल तर मागची बाजू किंचित खोलगट असते. उजेडासमोर धरला तर प्रकाश आरपार झिरपतो, भिंगातून बारीक समांतर रेषा दिसतात. दगड असेल तर मागून सपाट, हाताला गार आणि जड. काच असेल तर आत बुडबुडे आणि नक्षीच्या कडा वितळल्यासारख्या गोलसर. प्लॅस्टिक हलकं आणि पटकन कोमट होतं. तापलेल्या सुईची परीक्षा कोणी सुचवली तर कृपया करू नका.

---

उगाच_विचारते

खोलगट आहे! रेषा पण आहेत! रोमन नाही म्हणून सासूबाई हिरमुसल्या, प्लॅस्टिक नाही म्हणून मी खूश. धुवायचा कसा?

---

सराफकट्टा

@उगाच_विचारते, कोमट पाणी, साध्या साबणाचा फेस, मऊ ब्रश, लगेच पुसा. लिंबू-व्हिनेगर अजिबात नको, शिंपला म्हणजे चुनाच, आम्लाने खाल्ला जाईल. कडक उन्हात किंवा दिव्याच्या कपाटात ठेवू नका, वाळून तडकतो. ज्या सराफाने प्लॅस्टिक सांगितलं त्याच्याकडे पॉलिशला देऊ नका, एवढाच प्रेमळ सल्ला.

कोरीव पाचू असेल कुणाकडे, तर दुकानातल्या कंपनाच्या यंत्रात टाकू देऊ नका. पाचूच्या चिरांत तेल भरलेलं असतं, ते निघून जातं आणि जाळी उघडी पडते. कधीकधी दगडच दुभंगतो.

---

थेम्सकाठी

लंडनमध्ये असाल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘केर्यू स्पिनेल’ जरूर पाहा. 133.5 कॅरटचा लाल, जहांगीर, शाहजहान आणि आलमगीर, तिघांची नावं. पैलू नाहीत, नुसता गुळगुळीत केलेला ओबडधोबड गोटा, आरपार छिद्र. अक्षरं इतकी बारीक की मान तिरकी केल्याशिवाय दिसत नाहीत. हे लाल बदख्शानचे, आजच्या ताजिकिस्तानातल्या खाणीतले. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातला प्रसिद्ध ‘तैमूर माणिक’ही माणिक नसून असाच लाल आहे, 352.5 कॅरटचा. त्यावर जहांगीरपासून अहमदशाह अब्दालीपर्यंत नावं आहेत. लाहोरच्या खजिन्यातून 1849 नंतर इकडे आला. अब्दालीचं साल हिजरी 1168, इसवी 1754-55. पानिपताच्या सहा वर्षं आधी.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येच शाहजहानचा 1657चा मद्याचा पेला आहे, पांढऱ्या जेडचा. एक टोक भोपळ्यासारखं, दुसरीकडे निमुळतं होत बोकडाचं डोकं. जेड कडकपणात पाचूपेक्षा कमी, पण चिवट, आतले तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने तडकत नाही. म्हणून इतकी पातळ कड काढता आली. भारतात जेड पाहायचं तर हैदराबादचं सालारजंग, तिथे जेडचं वेगळं दालनच आहे.

---

सराफकट्टा

दगडफोड्यांनी आधी विचारलेलं, वाट कोणी लावली, त्यावर धंद्याच्या बाजूने. 1866 साली त्या इंग्रजाने केलं ते त्याच्या गिऱ्हाइकाला हवं तेच केलं. आणि ते गिऱ्हाईक शेवटी बडोद्याचं मराठी संस्थानच निघालं, हे विसरू नका! आपल्याच संस्थानिकांना तेव्हा विलायती पैलू हवे होते. जुने तुरे-शिरपेच मोडून पॅरिस-लंडनला नव्या घडणीसाठी पाठवले, त्यातले कोरीव पाचू तिकडेच राहिले. मग तिकडच्या जव्हेऱ्यांना त्यात चव कळली. कार्तिएने जयपूरहून पानाफुलांच्या आकारात कोरलेले माणिक, नीलम, पाचू मागवून झुबकेदार दागिने बनवले, आज त्यांना ‘तुत्ती फ्रुत्ती’ म्हणतात. त्यातलं एक ब्रेसलेट 2020च्या एप्रिलमध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, ऑनलाइन लिलावात 13 लाख 40 हजार डॉलरला गेलं. त्यातले दगड सुटे वजनावर विकले तर त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

म्हणजे आज कोणी नाव कोरलेला हिरा घेऊन आला तर मी चाकाला हात लावू देणार नाही. पण 1866 साली माझ्या पणजोबांकडे आला असता तर काय केलं असतं, ते विचारू नका.

---

दगडफोड्या

@सराफकट्टा, बडोद्याचा टोला मान्य. तरी एक फरक राहतोच. शाहजहानला बुऱ्हाणचं नाव घासून काढणं अशक्य नव्हतं, त्याच्याकडे जगातले उत्तम कारागीर होते आणि निजामशाही तर त्यानेच 1636 साली कायमची संपवली होती. हरलेल्या, बुडवलेल्या घराण्याचं नाव त्याने पाच वर्षांनी दुसऱ्या बाजूला स्वतःचं घालताना जसंच्या तसं ठेवलं. का, यावर मला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. उदारपणा म्हणावा, तर शाहजहान दख्खनमध्ये उदार नव्हता. मला वाटतं, ‘हे मी कोणाकडून घेतलं’ हे दिसत राहावं म्हणूनच ठेवलं असावं.

---

नगरी_तडका

म्हंजी पैलवानानं हरवलेल्याची गदा फडताळात मांडून ठेवायची, तसं. पटलं.

पाटीचं मी मनावर घेतोय. मजकूर तुम्ही लिहून द्या, साल-बिल बरोबर टाकून.